ऑपरेशननंतर वेदनेचं बटण रुग्णाच्याच हातात: 'पीसीए' म्हणजे काय आणि नातेवाईकांनी ते का दाबू नये?

पोटाचं ऑपरेशन होऊन आठ तास झालेत. भूल उतरलीय. रात्रीचे दोन वाजलेत आणि टाक्यांच्या जागी कळा यायला लागल्यात. शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलेल्या मुलाला उठवायचं. तो सिस्टरना शोधायला जाणार. सिस्टर दुसऱ्या पेशंटचं सलाईन बदलत असणार. मग त्या केसपेपर बघून विचारणार, "मागचं इंजेक्शन कधी दिलं होतं?" सहा तास झाले नसतील तर थांबायचं. झाले असतील तर इंजेक्शन भरून येईपर्यंत आणि ते अंगात भिनेपर्यंत कळ काढायची.

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन झालंय अशा कुणालाही हा प्रसंग नवीन नाही.

आता यात एकच बदल करून बघा. रुग्णाच्या हातात वायरला जोडलेलं एक छोटं बटण आहे. कळ आली की तो ते दाबतो. पलंगाशेजारचा पंप मॉर्फिनसारख्या औषधाचा अगदी लहान डोस थेट शिरेत सोडतो आणि काही मिनिटांत दुखणं कमी व्हायला लागतं. कुणाला उठवायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

या पद्धतीला 'पेशंट कंट्रोल्ड ॲनाल्जेसिया' किंवा थोडक्यात 'पीसीए' म्हणतात. म्हणजे वेदनाशामक औषध कधी हवं, हे रुग्णाने स्वतः ठरवायचं.

हे ऐकल्यावर लगेच प्रश्न पडतात. रुग्णाच्या हातात मॉर्फिन द्यायचं? त्याने बटण दाबतच राहिलं तर? सवय लागली तर? आणि रुग्ण झोपला असेल तर घरच्यांनी बटण दाबलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगायला हवं. नाही, अजिबात चालत नाही. त्याचं कारण समजलं की ही सगळी पद्धतच समजते.

वेळ ठरवून दिलेल्या इंजेक्शनची अडचण काय?

अनेक वर्षं ऑपरेशननंतरच्या वेदनेवर एक ठरलेला उपाय होता. दर चार किंवा सहा तासांनी, गरज वाटली तर, दंडात किंवा कमरेवर एक इंजेक्शन.

स्नायूत दिलेलं औषध हळूहळू रक्तात उतरतं. त्यामुळे सुरुवातीचा काही वेळ दुखत राहतं. मग औषधाचं प्रमाण वर चढतं, दुखणं थांबतं, पण सोबत गुंगी आणि मळमळ येते. पुढे प्रमाण उतरायला लागतं आणि पुढच्या इंजेक्शनची वेळ व्हायच्या आधीच कळा परत सुरू होतात. म्हणजे दिवसभर एक तर दुखणं, नाही तर गुंगी. मधली आरामाची वेळ थोडीच.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या, एकच ऑपरेशन झालेल्या दोन माणसांना सारखंच औषध पुरेल असं नसतं. दुखणं थांबायला रक्तात औषधाचं किमान किती प्रमाण लागतं, हे तपासल्यावर माणसामाणसांत कित्येक पटींचा फरक दिसून आला. एकाला जो डोस पुरतो, त्यात दुसऱ्याचं काहीच होत नाही आणि तिसऱ्याला तोच जास्त होतो. कुणाला किती लागेल हे बाहेरून बघून सांगता येत नाही.

तिसरी अडचण औषधाची नाही, माणसांची. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या रिचर्ड मार्क्स आणि एडवर्ड साचर या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेदनेसाठी अफूवर्गीय औषधं चालू असलेल्या ३७ रुग्णांना त्यांनी तपासलं. हे ऑपरेशनचे नाही, मेडिसिन वॉर्डातले रुग्ण होते. औषध चालू असूनही त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना मध्यम ते तीव्र त्रास होतच होता. डॉक्टरांनी डोस कमी लिहिले होते आणि नर्सेसनी लिहिलेल्यापेक्षाही कमी दिले होते. व्यसन लागेल ही भीती प्रत्यक्षातल्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठी होती, असं या दोघांचं म्हणणं होतं.

दुखतंय एकाला आणि किती दुखतंय ते ठरवतोय दुसराच, हा सगळ्याचा मूळ मुद्दा होता.

बटणाची कल्पना आली कुठून?

१९६३ मध्ये अमेरिकेतले सर्जन बेन्सन रो यांनी दाखवून दिलं की स्नायूत मोठं इंजेक्शन देण्यापेक्षा शिरेतून थोडं थोडं औषध दिलं तर वेदना जास्त चांगली आटोक्यात राहते. पण दर काही मिनिटांनी नर्सने येऊन थोडं थोडं औषध द्यायचं, हे कुठल्याही वॉर्डात शक्य नव्हतं.

पुढचं पाऊल अमेरिकेतलेच भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी टाकलं. गंमत म्हणजे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामाचा विषय होता वेदना मोजायची कशी. ताप थर्मामीटरवर दिसतो, वेदना कशावर दिसणार? रुग्णाला हवं तेव्हा औषध मागू द्यायचं आणि तो किती वेळा मागतो हे मोजायचं, असा त्यांचा मार्ग होता. सुरुवातीला रुग्णाने मागणी केली की नर्स शिरेतून छोटा डोस द्यायची. नंतर नर्सच्या जागी यंत्र आलं.

पीसीएचा बाजारात आलेला पहिला पंप ब्रिटनमधला. वेल्समधल्या कार्डिफ शहरात तो तयार झाला आणि १९७६ मध्ये 'कार्डिफ पॅलिएटर' या नावाने आला. बाळंतपणाच्या कळांसाठीही तो वापरून बघितला गेला. १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले, पंप लहान आणि भरवशाचे झाले आणि ही पद्धत अमेरिका-युरोपातल्या सर्जरी वॉर्डांमध्ये रुळली.

पंप नेमकं काय करतो?

बटण रुग्णाच्या हातात असलं, तरी पंपाचे आकडे डॉक्टरच ठरवतात. त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या असतात.

पहिली, सुरुवातीचा डोस. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यावर रिकव्हरी रूममध्येच डॉक्टर किंवा नर्स थोडं थोडं औषध देऊन दुखणं सुसह्य पातळीवर आणतात. पंपाचं काम ती पातळी टिकवण्याचं आहे. आधीच असह्य दुखत असताना नुसतं बटण हातात दिलं, तर एकेका छोट्या डोसने ते आटोक्यात यायला फार वेळ लागतो.

दुसरी, एका वेळचा डोस. मोठ्या माणसासाठी मॉर्फिन असेल तर हा डोस साधारण १ मिलिग्रॅम असतो. फेंटानिल त्याहून कितीतरी तीव्र आहे, त्यामुळे त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये, साधारण १० ते २० असा ठरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे 'लॉकआऊट', आणि सगळी खुबी यातच आहे. एक डोस दिला की पंप पुढची ५ ते १० मिनिटं बंद राहतो. या वेळात रुग्णाने पन्नास वेळा बटण दाबलं तरी एक थेंबही जात नाही. आधीच्या डोसचा परिणाम जाणवायला लागल्याशिवाय पुढचा डोस मिळू नये, एवढाच याचा हेतू.

चौथी, एकूण मर्यादा. एका तासात किंवा चार तासांत जास्तीत जास्त किती औषध जाऊ शकतं, हेही पंपात भरून ठेवता येतं.

हिशोब सोपा आहे. १ मिलिग्रॅमचा डोस आणि ५ मिनिटांचा लॉकआऊट असेल, तर कितीही बटण दाबलं तरी तासाला १२ मिलिग्रॅमच्या वर औषध जाणार नाही. एकूण मर्यादा त्याहून कमी ठेवली असेल तर पंप त्याआधीच थांबेल.

बटण न दाबताही थोडं थोडं औषध सतत चालू ठेवायची सोय बहुतेक पंपांमध्ये असते. पण ज्यांनी आधी कधी अशी औषधं घेतलेली नाहीत, त्यांच्यासाठी ती सहसा वापरत नाहीत. कारण मग रुग्ण झोपला तरी औषध जातच राहतं.

पंप आणखी एक काम करतो, नोंद ठेवायचं. रुग्णाने किती वेळा बटण दाबलं आणि त्यातल्या किती वेळा औषध गेलं, हे त्यात दिसतं. चाळीस वेळा दाबलं आणि दहाच वेळा मिळालं असेल, तर डोस अपुरा आहे किंवा रुग्णाला लॉकआऊट नीट समजलेलं नाही. वेदना मोजायची सेक्झर यांची कल्पना अशी आजच्या पंपातही टिकून आहे.

मग घरच्यांनी बटण का दाबायचं नाही?

अफूवर्गीय औषधांचा सगळ्यात गंभीर धोका म्हणजे श्वास मंदावणं. प्रमाण जास्त झालं की मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण ढिलं पडतं. पण त्याच्या आधी साधारणपणे एक गोष्ट घडते. माणसाला गुंगी येते.

पीसीएची सुरक्षितता या क्रमावर उभी आहे. औषध जास्त व्हायला लागलं की रुग्णाला झोप येते. झोपलेला माणूस बटण दाबत नाही. बटण दाबलं गेलं नाही की औषध जात नाही. तोवर शरीर आधीचं औषध कमी करत राहतं. मग जाग आली आणि दुखत असेल, तर तो परत बटण दाबतो. म्हणजे रुग्णाची झोप हाच या यंत्राचा ब्रेक आहे.

आता आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. आईचं ऑपरेशन झालंय. दिवसभर ती कण्हत होती. रात्री कुठे डोळा लागलाय. शेजारी बसलेल्या मुलीला वाटतं, आई झोपेत कण्हतेय, तिला कळ येऊन जाग येण्याआधी एकदा दाबूया. थोड्या वेळाने परत एकदा. यात मायेशिवाय दुसरं काही नाही. पण ब्रेक मात्र निघून गेला. पंपाला बोट कुणाचं ते कळत नाही. गुंगीत असलेल्या शरीरात औषध जात राहतं आणि श्वास मंदावत जातो. शांत झोप आणि मंदावलेला श्वास यांतला फरक शेजारी बसलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

हे फक्त कागदावरचं भय नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २००४ मध्ये खास याच विषयावर इशारा काढला होता. घरच्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या वतीने बटण दाबल्यामुळे रुग्णांना इजा झाल्याच्या आणि मृत्यू झाल्याच्या घटना समोर आल्या होत्या. त्यानंतर 'हे बटण फक्त रुग्णासाठी' अशी सूचना पंपावर लावण्याची पद्धत वाढली.

ज्यांना स्वतः बटण दाबता येत नाही, अशा लहान मुलांसाठी काही रुग्णालयं प्रशिक्षित नर्सला ही जबाबदारी देतात. पण त्यासाठी पंपाचे आकडे वेगळे ठरवतात, देखरेख जास्त असते आणि कोण दाबणार हे लेखी नेमलेलं असतं. भेटायला आलेल्या काकांनी आपुलकीने दाबणं त्यात बसत नाही.

बाकी धोके कोणते?

मळमळ, उलटी, खाज, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं हे या औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. त्यातल्या बहुतेकांवर उपाय करता येतो, म्हणून ते अंगावर न काढता सांगायला हवेत.

यंत्र कितीही हुशार असलं तरी त्यात आकडे माणूसच भरतो. सिरिंजमधल्या औषधाची तीव्रता पंपात चुकीची भरली गेली, तर लॉकआऊट पाळूनही प्रत्येक वेळी भलताच डोस जातो. म्हणून चांगल्या रुग्णालयांत दोन जणांनी हे आकडे स्वतंत्रपणे तपासायची पद्धत असते.

झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया असलेल्या, फार वयस्कर किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांमध्ये जास्त काळजी घ्यावी लागते. किडनी नीट काम करत नसेल तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक साचत जातात, त्यामुळे अशा वेळी बहुधा दुसरं औषध निवडतात. रुग्ण भ्रमात असेल किंवा बटण कधी दाबायचं हेच त्याला समजत नसेल, तर ही पद्धत त्याच्यासाठी नाही.

म्हणून पंप लावला की नर्सचं काम संपत नाही. ठरावीक वेळाने रुग्ण हाक मारल्यावर नीट जागा होतो का, एका मिनिटात किती श्वास घेतो, रक्तातला ऑक्सिजन किती आहे, हे बघावंच लागतं. मोठ्या माणसात श्वासाची गती सर्वसाधारणपणे मिनिटाला १२ ते २० असते. ती ८ ते १० च्या खाली जाणं ही धोक्याची घंटा. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल, तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा श्वास मंदावल्यावरही बराच वेळ चांगला दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही. वेळीच लक्षात आलं तर नॅलोक्सोन हे उतारा औषध देऊन परिणाम उलटवता येतो.

सवय लागते का?

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस, दुखण्यासाठी, रुग्णालयात देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. छोटा डोस आणि लॉकआऊट असल्यामुळे नशा चढेल इतकं औषध एकदम मिळतही नाही.

अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाच्या बातम्यांमुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण डिस्चार्जनंतर घरी नेलेल्या, गरजेपेक्षा जास्त दिवस चाललेल्या गोळ्या हा त्यातला मोठा भाग होता. वॉर्डातला कुलूपबंद पंप आणि घरातली गोळ्यांची बाटली यांचा धोका एकसारखा नाही. आधी कधी व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. त्यांनाही वेदनाशमन मिळतंच, फक्त त्याची आखणी वेगळी करावी लागते.

दुसऱ्या बाजूला, दुखणं सोसत राहण्याचीही किंमत असते. पोट किंवा छाती दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. उठून चालला नाही तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सोसण्याने जखम लवकर भरत नाही.

खरंच फायदा होतो का?

होतो, पण चमत्कार नाही. २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ४९ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात पीसीए मिळालेले १,७२५ आणि नेहमीच्या पद्धतीने औषध मिळालेले १,६८७ रुग्ण होते. शून्य ते शंभरच्या मापावर पहिल्या २४ तासांत पीसीए गटाची वेदना सरासरी ९ गुणांनी कमी होती. त्यांनी औषध थोडं जास्त वापरलं आणि त्यांना खाजेचा त्रासही जास्त झाला. समाधानी रुग्णांचं प्रमाण मात्र ८१ टक्के होतं, दुसऱ्या गटात ६१ टक्के.

वेदनेतला फरक मध्यम, समाधानातला मोठा. दुखेल तेव्हा काहीतरी करणं आपल्या हातात आहे, या दिलाशाचा त्यात वाटा असावा.

आजकाल एकट्या मॉर्फिनवर भर न देता पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी औषधं आणि नसांभोवती भूल देण्याचं इंजेक्शन अशा अनेक गोष्टी एकत्र वापरल्या जातात. दुर्बिणीच्या छोट्या ऑपरेशननंतर बहुधा पीसीएची गरजही पडत नाही. पाठीच्या कण्याजवळ घातलेल्या एपिड्युरलच्या बारीक नळीलाही असंच बटण जोडता येतं.

भारतात काय परिस्थिती आहे?

कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तरीही १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर देशात औषध म्हणून होणारा मॉर्फिनचा वापर दहा-बारा वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घटला. वेगवेगळे परवाने, राज्याराज्यांचे वेगळे नियम आणि शिक्षेची धास्ती, यामुळे अनेक रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांची 'पॅलियम इंडिया' ही संस्था यांसह अनेकांनी पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं 'अत्यावश्यक अंमली औषधं' म्हणून वेगळी काढली गेली आणि परवान्याची पद्धत देशभर एकसारखी करण्याचा मार्ग मोकळा झाला.

मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी भूलतज्ज्ञांची वेगळी टीम काम करते. तिला 'अक्यूट पेन सर्व्हिस' म्हणतात. बहुतेक लहान रुग्णालयांत अशी टीम नसते. पंप महाग, औषधाची नोंद काटेकोर ठेवावी लागते, आणि मुख्य म्हणजे माणसं कमी.

इथे एक पेच आहे. नर्सेस कमी आहेत म्हणून बटण सोयीचं वाटतं. पण पंपावरच्या रुग्णाकडे नियमित लक्ष द्यायला नर्स लागतेच. तशी देखरेख नसेल, तर पीसीए नसलेलंच बरं.

ऑपरेशनआधी काय विचारायचं?

भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा बहुतेक जण 'शुद्ध कधी येईल' एवढंच विचारतात. त्यासोबत हेही विचारता येईल:

• ऑपरेशननंतर दुखण्यासाठी काय देणार? पीसीएची सोय आहे का? नसेल तर दुसरा पर्याय काय?
• रात्री देखरेख कोण करणार, किती वेळाने?
• घोरणं, स्लीप ॲप्निया, किडनीचा आजार, झोपेच्या गोळ्या, दारू, आधी घेतलेली वेदनाशामकं, हे सगळं सांगितलंय ना?

आणि पंप लागलाच, तर:

• बटण कसं दाबायचं, हे शक्यतो ऑपरेशनच्या आधीच समजून घ्या. भुलीच्या गुंगीत सांगितलेलं लक्षात राहत नाही.
• दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका. उठून बसण्याच्या, खोकण्याच्या किंवा फिजिओथेरपीच्या काही मिनिटं आधी दाबलं तर चालतं.
• बटण दाबूनही दुखत असेल तर सिस्टरना सांगा. डोस बदलता येतो.
• सोबत बसणाऱ्याने रुग्ण हाकेला ओ देतोय का, श्वास फार सावकाश किंवा घोरल्यासारखा अडखळत चाललाय का, याकडे लक्ष ठेवावं आणि शंका आली तर लगेच सिस्टरना बोलवावं.

सोबत बसलेल्या माणसाने दाबायचं बटणही त्या पलंगाजवळ असतं, पण ते सिस्टरना बोलवायच्या बेलचं. पंपाचं बटण फक्त ज्याला दुखतंय त्याचं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कुठलं औषध, किती आणि कसं द्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.)